पाकिटातलं कुंकू

मला राग लवकर येतो आणि आला की जायचं नाव घेत नाही. आमचे मालक म्हणतात, हिच्याशी भांडायचं असेल तर माणसानं आधी जेवून घ्यावं. म्हणोत बापडे. पण कुंकवाच्या कारखानदारावरचा माझा राग असा घरातला, चुलीपुढचा नव्हता. त्याच्या घरात जाऊन, त्याच्याच पाहुण्यांसमोर त्याचं नाक कापायचं असं माझ्या मनात होतं, आणि ते मी केलं. कसं केलं ते सांगते.

आमचं गाव तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यापासून थोडं आत आहे. घरात आम्ही दोघी जावा. थोरलीला मी अक्का म्हणते. मी नवी सून म्हणून आले तेव्हा माझी करपलेली भाकरी ती गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची आणि चांगली माझ्या ताटात सरकवायची. तिचा आवाज कधी वर चढलेला मी ऐकला नाही. आमच्या दोघींच्या वाटचं मीच बोलते, असं सगळं गाव म्हणतं, आणि ते खोटं नाही.

अक्काचं कुंकू बघण्यासारखं असायचं. बंद्या रुपयाएवढं, गोल, कडेला जरासुद्धा न हललेलं. आरशाशिवाय लावायची. आणि ते घरचं असायचं. ओढ्याकाठच्या विहिरीजवळ आमचे हळदीचे थोडे वाफे होते. शिमग्याच्या आधी हळद खणायची, उकडायची, वाळवायची. मग हळकुंडं फोडून लिंबाच्या रसात तुरटी आणि टाकणखार घालून त्यात मुरत ठेवायची. पिवळ्याचं लाल होताना मी दर वर्षी बघायची आणि दर वर्षी नवल करायची. सावलीत वाळलं की अक्का ते कुटायची आणि जुन्या धोतराच्या कापडातून गाळायची. पहिली वाटी तुळजापूरच्या आईच्या पायाशी, मग आमच्या करंड्यात, आणि उरलेलं गावात. बायका वाटी घेऊन यायच्या आणि अक्का कुणाला मोकळ्या हातानं पाठवायची नाही.

मग वरच्या माळावर पत्र्याचं मोठं शेड उभं राहिलं. मालक तुळजापूरचा, पैसेवाला, गोड बोलणारा. गावातल्या बायकांना पाकिटं भरायचं काम मिळालं, सगळ्यांना बरं वाटलं. आम्हांला वाटलं, कुंकवाचा कारखाना म्हणजे हळदीचे ट्रक येणार. ट्रक आले ते शिरगोळ्याच्या पुडीचे. तीच ती पांढरी पूड, जिची रांगोळी करतात. त्यात पिंपातला रंग ओतायचा, घुसळायचं, वाळवायचं, वर अत्तर मारायचं, की झालं कुंकू. असलं लालभडक की बघून डोळे दिपावेत. पाकिटावर आईचं चित्र छापलेलं. हळकुंडाचा तुकडा त्या शेडात कधी गेला असेल तर शपथ.

पिंपं धुतलेलं पाणी सरळ ओढ्यात यायचं. पहिल्यांदा आम्हांला हसू आलं. शेरडं पाणी पिऊन यायची ती पान खाल्ल्यासारखी लाल तोंडं घेऊन. मग एक शेरडी गाभडली, पोटातलं पिल्लू गेलं, मग दुसरी, आणि हसणं थांबलं. विहिरीच्या पाण्याला गुलाबी झाक आली. त्या वर्षी हळदीची पानं दिवाळीआधीच पिवळी पडली आणि खणलं तर कंद नासलेले, बोटानं दाबले की पाणी सुटायचं. पुढच्या वर्षी पुन्हा लावली, पुन्हा नासली. थोरले दीर, त्यांना मी दादा म्हणते, ते शेडावर सांगायला गेले. तिथला मुकादम हसून म्हणाला, "अहो, कुंकवाचं पाणी हाय ते. पवित्र असतंय. इख हाय का?" दादा भोळे. परत येऊन आम्हांला तसंच सांगितलं. मी म्हटलं, मग त्याला म्हणावं चहा कर त्याचा.

तालुक्याहून कुणी साहेब आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. बाटली गेली ती गेलीच.

आणि आमची अक्कल बघा. पाकिटावर आईचं चित्र. ते रिकामं झालं तरी उकिरड्यावर कसं टाकायचं? चुलीत कसं घालायचं? पायाखाली आलं तर पाप. मग सगळ्या बायका पाकिटं साठवायच्या आणि हात जोडून पाण्यात सोडायच्या. ओढ्यात आणि विहिरीत. प्लास्टिकचं पाकीट पाण्यात विरत नाही हे आम्हांला कळत नव्हतं असं नाही, पण देवीचा कागद पाण्यातच सोडायचा हे लहानपणापासून हाताला लागलेलं. त्या मुडद्यानं चित्र छापताना हाच हिशोब केला असेल, कुणी फेकणार नाही आणि कुणी शिव्याही देणार नाही. विहिरीचा उपसा केला तेव्हा मोटारीच्या तोंडाला आईचीच चित्रं अडकलेली निघाली. अक्कानं ती धुतली आणि पाटीत घालून ठेवली. पुढं काय करायचं ते तिलाही सुचेना.

घरची हळद गेली तशी अक्काही पाकिटातलं कुंकू लावायला लागली. दुसरं होतं काय? आधी कपाळ खाजायला लागलं. मग कातडी काळवंडली. मग काळ्याच्या मधोमध पांढरं आलं, हरभऱ्याएवढं. तिनं ते कुणाला दाखवलं नाही. झाकायला म्हणून कुंकू थोडं मोठं लावायला लागली. डाग वाढला तसं कुंकू वाढलं, आणि कुंकू वाढलं तसा डाग वाढला. मी रोज तिच्या शेजारी बसून भाकरी थापत होते आणि मला वाटत होतं, अक्काला हल्ली नटायची हौस आलीय. मी चिडवायची पण. ती हसायची.

अक्काची एकुलती एक लेक, माझी पुतणी, तुळजापूरला कॉलेजात शिकली. तिला माकणीकडचं स्थळ आलं. धरणाखालची बागायती, पोरगा शिकलेला, बोलायला मवाळ. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, सुपारी फुटली. पोरगी गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची आणि खाली आली की उगीच भांडी घासायला घ्यायची. अक्का तर हवेत होती. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पोर नांदायला गेली की मी सुटले, असं ती रोज म्हणायची.

लग्नाची तारीख काढायला ते लोक जेवायला आले. अक्का सकाळपासून पोळ्या लाटत चुलीपुढं. घाम कपाळावरून ओघळला आणि कुंकू त्याच्याबरोबर. पदरानं घाम टिपला तसं उरलेलंही पुसलं गेलं. तिच्या हातात पोळीचं ताट होतं, आणि ती तशीच बाहेर वाढायला गेली. पोराच्या आईनं वर बघितलं. तिचा घास हातात राहिला. जेवून, पानसुपारी घेऊन गेले.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला. घरात कोड आहे ते आमच्यापासून लपवलंत, स्थळ मोडलं.

पोरीचा फोन वाजायचा बंद झाला. तिनं लावला तर पोरगा उचलत नव्हता. मी अक्काला बखोटं धरून सोलापूरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी डाग बघितला, पाकीट बघितलं, आणि म्हणाल्या, "हे कोड नाही. ह्या रंगानं कातडी जळलीय. हे कुणाला लागत नाही, लेकराबाळांत उतरत नाही. जखम सुकेपर्यंत कपाळ मोकळं ठेवा. नंतर लावलंत तर घरी केलेलं, हळदीचं. ह्यातलं काही नाही." आम्ही तसा निरोप माकणीला धाडला. उत्तर आलं नाही. डॉक्टरीणबाईंचं कोण ऐकतंय? कोड हा शब्द एकदा सुटला की तो गावोगाव आमच्या आधी पोचत होता.

अक्काचं मोकळं कपाळ मला बघवायचं नाही. पदर भुवईपर्यंत ओढून ती हिंडायची. पाणवठ्यावर कुणीतरी दादांची तब्येत विचारली, तीही हळू आवाजात. दादा ऐकून घरी आले आणि अंगणात उभे राहून ओरडले, "म्या जित्ता हाय! बगा, हातपाय हालत्यात!" आम्ही सगळे हसलो. अक्काही हसली आणि आत जाऊन रडली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांनी घरोघरच्या सवाष्णी बोलावल्या, आमच्या घरातून मला एकटीला. मी गेले आणि त्यांच्या दारात उभं राहून असं काही बोलले की त्यांच्या म्हशी आटल्या असतील. पण गावातल्या बायकांवर चिडून काय उपयोग? मला ह्या पापाचा खरा धनी हवा होता.

संक्रांतीला तो मिळाला. दर वर्षी कारखानदाराच्या तुळजापूरच्या घरी हळदीकुंकू असायचं आणि गावातल्या बायकांना न्यायला जीप यायची. ओढ्याबद्दल कुणी बोलू नये म्हणून ही माया. आमची हळद नासल्यापासून मी त्या दारात पाय ठेवला नव्हता. ह्या वर्षी मी अक्काला म्हटलं, "चल."

"कशाला बाई? तमाशा नको."

"तमाशा झालाच पाहिजे, अक्का. सगळ्यांसमोर तुझा पदर वर करणार आणि कारखानदाराच्या बायकोला विचारणार, हे कुणी केलं?"

"माझ्या पोरीचं नाव आणखी वाईट हुईल."

"आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?" मी तिला लुगडं काढून दिलं.

घर कसलं, मंगल कार्यालयच. दिवाणखान्यात सतरंज्या अंथरलेल्या, तुळजापूरच्या चांगल्या चांगल्या घरच्या बायका बसलेल्या. मधे पाटावर त्यांची नवी सून. पहिली संक्रांत, काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, गोड पोर. मालकीणबाई चांदीची कोयरी घेऊन प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होत्या आणि मागून एक बाई वाण देत होती. स्टीलची वाटी, तिळगूळ आणि कारखान्यातल्या कुंकवाचं पाकीट.

माझी पाळी आली. मालकीणबाईंचं बोट माझ्या कपाळाकडं आलं आणि नाकाजवळून जाताना मला वास आला. हळदीचा. लिंबाचा. मी कपाळावरचं जरासं बोटावर घेऊन बघितलं. गडद, मळकं लाल, भडकपणा नाही. आमच्या घरी वर्षानुवर्षं केलेलं तेच कुंकू. मालकीणबाईंच्या कपाळावर तेच. सुनेच्या कपाळावर तेच. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या सतरंजीवर कळलं. हे लोक गावाला रंग विकत होते आणि स्वतःच्या बायकांना हळद लावत होते. माझ्या डोक्यातला आधीचा बेत तिथंच पुसला गेला आणि दुसरा आला.

मालकीणबाई अक्कापुढं आल्या. अक्कानं, काय वाटलं कुणास ठाऊक, आपण होऊन पदर मागं सारला. पांढरा डाग, भोवती काळं. मालकीणबाईंचं बोट हवेत थांबलं. "त्यांना... राहू द्या," मालकीणबाई म्हणाल्या. "वाण द्या नुसतं."

"बरं," मी म्हटलं. "तुम्ही आम्हांला लावलं, आता आमची पाळी." मी वाणातलं पाकीट दातानं फाडलं. सवाष्णीनं सवाष्णीला कुंकू लावायचं, त्याला नाही म्हणायची रीतच नाही. चिमूट घेऊन मी सरळ पाटावरच्या नव्या सुनेपुढं जाऊन बसले आणि हात पुढं केला. पोरीनं भाबडेपणानं मान वर केली.

"नको!" मालकीणबाई किंचाळल्या. कोयरी खाली पडली. त्यांनी धावत येऊन माझं मनगट घट्ट धरलं. "ते नको लावू तिला!"

"का हो?" मी विचारलं. मुद्दाम हळू विचारलं, म्हणजे सगळ्यांना कान द्यावा लागेल. "कुंकूच आहे की. तुमचंच आहे. वर आईचं चित्र आहे. सुनेच्या पहिल्या संक्रांतीला कुंकवाला नाही म्हणता?"

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आमच्या घरात ते लावत नाहीत."

"मोठ्यानं सांगा की. मागं ऐकू गेलं नसेल."

मागं ऐकू गेलं होतं. एक म्हातारी उठली, हातातलं पाकीट तिनं सतरंजीवर ठेवलं आणि चपला घालायला गेली. मग दुसरी उठली. आमच्या गावच्या बायका, ज्यांनी ती पाकिटं स्वतःच्या हातांनी भरली होती, त्या आपापलं कपाळ चाचपत होत्या. मालकीणबाई रडायला लागल्या. मला त्यांची दया आली का? नाही आली. सुनेची आली थोडी. तिला मी म्हटलं, "पोरी, तू सुखात राहा, पण तुझ्या सासऱ्याला विचार, आमच्या पोरीचं काय."

दुसऱ्या दिवसापासून गावातली एकही बाई शेडावर गेली नाही. कारखानदार स्वतः गाडी घेऊन आमच्या अंगणात आला. मी त्याला उन्हात उभं ठेवलं. "ताई, बोलून मिटवू, बदनामी करू नका," म्हणाला. मी विहिरीचं पाणी तांब्यात आणलं, पेला भरून त्याच्यापुढं धरला. "घ्या की. पवित्र आहे, तुमचा मुकादमच म्हणाला." त्यानं पेला हातात घेतला, पाण्याकडं बघितलं, पिणार नाही म्हणायचीही लाज वाटली असावी. माझे डोळे त्याच्या तोंडावर. शेवटी त्यानं पेला कट्ट्यावर ठेवला आणि गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

शेड बंद पडलं. पुढं कळलं, यंत्रं उचलून त्यानं दुसऱ्या गावाच्या माळावर नेली, पाकिटाचं नाव बदललं, चित्र तेच ठेवलं. ओढ्याचा तळ अजून कोरला तर लाल निघतो. विहिरीकाठी हळद अजून येत नाही. म्हणून माझा रागही अजून जागच्या जागी आहे, आणि त्या दुसऱ्या गावातल्या बायकांना मी सगळं जाऊन सांगून आले आहे.

पण संक्रांतीची गोष्ट जिल्हाभर फिरली आणि माकणीलाही पोचली. चैत्रात मध्यस्थ पुन्हा आला. ते लोक यायचं म्हणत होते, गैरसमज झाला म्हणत होते. मी म्हटलं, येऊ देत, चांगले शेकते. अक्कानं माझे हात धरले. "बाई, तुझ्या पाया पडते. काय बोलू नको. पोरीचं होतंय तर होऊ दे." पोरगीही गप्प होती, पण तिनं केस धुतले होते. मी तोंडाला कुलूप घातलं.

अक्काची जखम सुकली होती. डाग पांढरा तसाच होता. बाजारातली हळकुंडं आणून तिनं घरी थोडं कुंकू केलं होतं, पण अजून लावायला धजली नव्हती. पाहुणे आले. पोराची आई, मामा, पोरगा. पोहे झाले, चहा झाला. डॉक्टरीणबाईंचं ते ऐकलं, म्हणाले, आमचा काही आक्षेप नाही, तारीख बघू. पोरीच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांनी हसू बघितलं. मी चूपचाप सुपारी कातरत होते.

निघताना रीतीप्रमाणं पोरीनं हळदीकुंकवाचं तबक आणलं. अक्कानं पोराच्या आईला लावलं. आता तिनं अक्काला लावायचं. अक्कानं पदर मागं घेतला आणि मान थोडी पुढं केली. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिला कुंकू लावणार होतं. तिनं डोळे मिटले होते.

पोराच्या आईनं हळदीचं बोट लांबूनच अक्काच्या केसांना टेकवलं. मग कुंकवात बोट बुडवलं. बोट कपाळापर्यंत आलं, आणि तिथं थांबलं. डागापासून इतकंच लांब. पुढं जाईना. "आधी सगळं नीट बरं होऊ दे त्यांचं," ती बाई हसत म्हणाली. "मग लावू की. घाई काय आहे?"

पोरीनं पोराकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता.

मी अडकित्ता खाली ठेवला. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण अक्कानं डोळे उघडले, ते बोट बघितलं, आणि माझ्या आधी तीच बोलली. आवाज चढला नाही तिचा, तेव्हाही नाही.

"पोर न्हाय द्यायची," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या कपाळाला असलं बोट नको."

मामा उठून उभा राहिला, पोरगा उठला. पोरगी तबक उचलून आत गेली. पोराच्या आईचं बोट तसंच वर, कुंकवानं भरलेलं. पुसायला तिनं माझ्याकडं फडकं मागितलं.

मी दिलं नाही.